परदेशी नोकरी : आपले सगळे कागद त्यांच्याकडे, त्यांचा एकही कागद आपल्याकडे नाही

प्रतापनगरकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आणि बडोद्याहून बाहेर गेलेल्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय.

माझा भाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, मकरपुरा जीआयडीसीत पाइप फॅब्रिकेशनचं काम करतो. सयाजीगंजातल्या एका एजंटामार्फत त्याला आखातातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीची नोकरी आली. इंटरव्ह्यू झाला, ट्रेड टेस्ट झाली, ‘सिलेक्ट झालास’ म्हणून फोन आला आणि लगेच कागद मागायला सुरुवात. ओरिजिनल पासपोर्ट. आधार, पॅन, दहावीपासूनच्या मार्कशीट, बँकेचं स्टेटमेंट, मेडिकल रिपोर्ट, आईवडिलांचं आधार, बायकोचं आधार. वर ईमेलचा पासवर्ड, का तर ‘व्हिसाचा फॉर्म आम्हीच भरतो’. सगळं व्हॉट्सॲपवर पाठवायचं. आम्ही विचारलं, कंपनीचं ऑफर लेटर? तर ‘व्हिसा आला की देऊ’. पगार तोंडी, ड्युटीचे तास तोंडी, राहायची सोय तोंडी.

थोड्याच दिवसांत त्याला अनोळखी एजंटांचे फोन यायला लागले, मग कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांचे. एकाने तर त्याचा पासपोर्ट नंबर फोनवर वाचून दाखवला. मग त्याच्या एका मित्राने एक व्हॉट्सॲप ग्रुप उघडून दाखवला. त्यात भाच्याच्या पासपोर्टचा फोटो, बायोडेटा, मोबाइल नंबर, सगळं पडलेलं. त्याच्या खाली दुसऱ्या पोरांचे पासपोर्ट, त्याखाली आणखी पोरांचे. एकाच्या मेडिकल रिपोर्टवरचे रक्ततपासणीचे आकडेसुद्धा स्वच्छ वाचता येत होते. ती पोरं कोण, कुठली, त्यांना हे ठाऊक तरी आहे का, काही कळायला मार्ग नाही.

एजंटाचं काय करायचं ते आम्ही बघू. माझा खरा प्रश्न आहे तो ज्या कंपनीसाठी ही भरती चालते तिच्याबद्दल. माणसं तिला हवीत, काम तिचं होणार, नफा तिचा. मग माणूस शोधताना त्याच्या कागदांचं आणि पैशांचं जे काही होतं, त्याची जबाबदारी तिच्यावर नाही, हे मला अजिबात पटत नाही. कायदा काय म्हणतो आणि तुमचे अनुभव काय आहेत, दोन्ही लिहा.


शटडाऊन_फोरमन

ताई, मी कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदारांकडे शटडाऊनची कामं केली आणि पुढे सौदीतलं जुबैल, यूएईतलं रुवैस असा बराच काळ बाहेर काढला. आधी पासपोर्टचं सांगतो, कारण घाई तिथे आहे. पासपोर्ट कायदा १९६७, कलम १७ : पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता. तो अडकवून ठेवायचा हक्क कुठल्याही एजंटाला नाही, मालकालाही नाही. सुरेश नंदा खटल्यात २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पासपोर्ट इम्पाउंड करायचा, म्हणजे अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा, पोलिसांनाही तो नाही. कतारमध्ये २०१५च्या कायद्याप्रमाणे कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या मालकाला २५,००० रियालपर्यंत दंड आहे. तरी आमच्या कॅम्पात टाइमकीपरच्या कपाटात पासपोर्टांचे गठ्ठे रबरबँड लावून ठेवलेले असायचे. घरी कुणी वारलं तर आधी त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधायचं आणि मग तिकिटाचं बघायचं.

व्हिसाच्या स्टँपिंगला ओरिजिनल द्यावा लागतो, हे खरं आहे. तेव्हा द्यावा, आणि तारीख, सही, शिक्क्याची पावती घेऊनच द्यावा. सिलेक्शनच्या दिवशी देण्याचं काहीच कारण नाही.

दुसरं. परदेशातल्या नोकरीसाठी इथे भरती करायची तर एमिग्रेशन ॲक्ट १९८३खाली रिक्रूटिंग एजंटाची नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाचं नाव टाकून बघा : नोंदणी चालू आहे, संपली आहे की रद्द झाली आहे. उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सर्व्हिस चार्ज म्हणून घेता येतं, तेही पावतीवर. ‘आम्ही त्या मुंबईच्या एजंटाचे माणूस आहोत’ असं सांगणारे सगळे सब-एजंट. त्यांना कायद्यात जागाच नाही.

तिसरी गोष्ट डिप्लोमावाल्या पोरांना कुणी सांगत नाही. दहावी पास झालेल्याचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, म्हणजे त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स, परदेशी नोकरीला जायची सरकारी परवानगी, लागत नाही. दहावी नापास हेल्पर सौदीला जाताना त्याचा करार प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे ही परवानगी देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातो, १० लाखांचा अपघाती विमा, म्हणजे प्रवासी भारतीय बीमा योजना, सक्तीने काढला जातो. शिकलेला पोरगा मात्र कुणालाही कागद न दाखवता विमानात बसतो. जास्त शिकला म्हणून त्याच्यावरचं छत्र कमी. तुमच्या भाच्याचं तेच होणार.


अलकापुरी_माधुरी

व्हॉट्सॲप ग्रुपचं वाचून अंगावर काटा आला. मेडिकल रिपोर्टसुद्धा?


न्यूजर्सीतला_बडोदेकर

हा विषय आखातापुरता नाही, आणि गुन्हेगार फक्त छोटा एजंट असतो असंही नाही. सिग्नल इंटरनॅशनलची केस आमच्या इकडे आजही उदाहरण म्हणून सांगतात. फोरमनकाकांच्या ट्रेडची माणसं होती म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००५च्या कटरीना वादळात अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्यावरच्या तेलाच्या रिग मोडल्या. त्या दुरुस्त करायला सिग्नल कंपनीने भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर आणले, एच-२बी व्हिसावर. हा व्हिसा तात्पुरता. पोरांना मात्र ग्रीन कार्डचं वचन दिलेलं. मुंबईचा रिक्रूटर, अमेरिकेतला वकील आणि कंपनी अशी साखळी. प्रत्येकाने १०,००० ते २०,००० डॉलर भरलेले. कुणी जमीन विकली, कुणी सोनं गहाण टाकलं. पोचल्यावर मिसिसिपीतल्या पॅस्कागूला आणि टेक्सासमधल्या ऑरेंजच्या यार्डात कुंपणातले कॅम्प. एका ट्रेलरमध्ये २४-२४ माणसं, आणि त्या जागेचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापायचे. बाहेर खोली घेतली तरी कापणार.

मार्च २००८मध्ये पॅस्कागूलाचे कामगार काम सोडून बाहेर पडले, हेल्मेटं गेटवर टाकली, पुढे वॉशिंग्टनला जाऊन उपोषणाला बसले. फेब्रुवारी २०१५मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पहिल्या पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलर द्यायला लावले. जुलैत कंपनी दिवाळखोरीत गेली. उरलेल्या खटल्यांची २ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि कंपनीला लेखी माफी मागावी लागली.

या निकालात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : ‘वचनं रिक्रूटरने दिली, आम्ही नाही’ हा कंपनीचा बचाव ज्युरीने मानला नाही. रिक्रूटर आणि वकिलाबरोबर कंपनीलाही दोषी धरलं. ताईंनी जो प्रश्न विचारलाय त्याचं कोर्टातलं उत्तर हेच आहे. पण ते मिळायला कामगारांना सात वर्षं लागली.


तरसाली_७

सात वर्षं कोण थांबणार? आणि अमेरिकेत ज्युरी आहे, संघटना आहेत, फुकट लढणारे वकील आहेत. जुबैलमध्ये फिटर कुणाकडे जाणार? पोरांना घाबरवून टाकू नका एवढंच म्हणणं. इथे मकरपुऱ्यात बारा तासांचे किती मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेर जाऊन घरं उभी राहिली आहेत.


शटडाऊन_फोरमन

तरसालीकर, माझंही घर बाहेरच्याच पैशावर उभं राहिलंय. जाऊ नका असं कुणी म्हणत नाहीये. जाताना कराराची प्रत हातात घेऊन जा, एवढंच. ज्यांच्याकडे प्रत होती त्यांचा ओव्हरटाइम लेबर ऑफिसात निघाला, हे मी स्वतः बघितलंय. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना ‘पुढच्या महिन्यात बघू’. यूएईत २००९पासून पगार बँकेतून द्यायची सक्ती आहे, वेज प्रोटेक्शन सिस्टिम म्हणतात. पण करारात किती ठरला होता हेच सिद्ध करता आलं नाही, तर बँकेत कमी आला हे कसं दाखवणार?


रावपुरा_वकील

धागा वाचला. मी दिवाणी कामं करते, सायबरची थोडीफार. डेटाबद्दल लिहिते.

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून लागू होतात. त्यात ताईंच्या प्रश्नाला थेट लागू पडणारं कलम आहे ८(१) : ज्याच्या कामासाठी माहिती गोळा होते त्याने दुसऱ्याकडून काम करून घेतलं, तरी जबाबदारी त्याचीच. मध्ये कुठलाही करार असला तरी. ‘आमच्या व्हेंडरने केलं’ हे सांगून सुटका नाही. सुरक्षिततेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. माहिती घेताना का घेतोय हे सांगणारी नोटीस द्यायची, आणि ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मागता येते, म्हणजे मराठीत आणि गुजरातीतही. काम संपलं की माहिती पुसायची. आपली माहिती कुणाकुणाला दिली हे विचारायचा हक्क कलम ११मध्ये आहे.

नोकरीच्या कामासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा कलम ७मध्ये आहे. कंपन्या या पळवाटेकडे बोट दाखवतात. पण ती मुभा नोकरीच्या कारणापुरती आहे. बायकोचं आधार आणि ईमेलचा पासवर्ड कुठल्या नोकरीच्या कारणात बसतो? शिवाय भाचा अजून कर्मचारी झालेलाच नाही, तो उमेदवार आहे.

आता या कायद्यातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. २५० कोटींचा दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा पासपोर्ट ग्रुपवर फिरला त्याला एक रुपया नाही. आयटी ॲक्टचं कलम ४३ए अशा माणसाला भरपाई देतं. २०११च्या नियमांप्रमाणे पासवर्ड, बँकेची माहिती, मेडिकल रेकॉर्ड, बोटांचे ठसे हे सगळं ‘संवेदनशील’ धरलं जातं, आणि दावा राज्याच्या ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरपुढे, म्हणजे आयटी सचिवांपुढे लावता येतो. नवा कायदा पूर्ण लागू होईल त्या दिवशी हे ४३ए रद्द होणार आहे. मोठ्या कंपनीला मोठा दंड, हे वाचायला बरं वाटतं. पण ज्याचं नुकसान झालं त्याचा हात रिकामाच राहतो, आणि याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही. म्हणून ज्यांच्याबाबतीत असं घडलंय त्यांनी आत्ताच हालचाल करा. कलम ७२एसुद्धा बघून ठेवा : करारामुळे हाती आलेली माहिती संमतीशिवाय, नुकसान होणार हे माहीत असून उघड केली, तर २५ लाखांपर्यंत दंड.

परदेशी कंपनीबद्दल मात्र भोक आहे. हा कायदा देशाबाहेरच्या कंपनीला लागतो तो ती भारतात वस्तू किंवा सेवा देत असेल तेव्हा. नोकरी देणं म्हणजे सेवा देणं आहे का, यावर वाद होणार. सयाजीगंजातला एजंट निसटू शकत नाही, सौदीच्या दम्माममधली कंपनी निसटू शकते.


नंदेसरी_युनियन

वकीलताईंनी नेमकं दाखवलं. यात एक भर घालतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७चा करार आहे, क्रमांक १८१, खासगी भरती एजन्सींबद्दलचा. त्यात लागोपाठ दोन कलमं आहेत. कलम ६ : एजन्सीने कामगाराची माहिती घ्यायची ती त्याची पात्रता, अनुभव आणि कामाशी थेट संबंध असलेल्या गोष्टींपुरती, आणि त्याचा खासगीपणा सांभाळायचा. कलम ७ : कामगाराकडून फी घ्यायची नाही, थेट नाही आणि आडवळणानेही नाही. पैसा आणि माहिती, दोन्ही गोष्टी एकाच पानावर मांडल्यात, कारण लुबाडणूक दोन्हीकडून एकदमच होते. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. म्हणून आपल्याकडे ३०,००० कायदेशीर. माझ्या मते तेही नकोत. माणूस ज्याला हवा त्याने शोधायचा खर्च करावा.

कॅनडात बघा, परदेशी कामगार आणायला मालकाला एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस घ्यायची गरज असल्याचा सरकारी दाखला, काढावं लागतं, त्याची १,००० डॉलर फी मालकाने भरायची आणि कामगाराकडून वसूल करायची नाही असा नियम आहे. तरी रेसकोर्सच्या बाजूला ‘एलएमआयए जॉब’ लाखांत विकला जातो. जो घेतो तो तिकडे गेल्यावर त्या मालकाविरुद्ध तोंड उघडत नाही, कारण वर्क परमिटवर त्याच मालकाचं नाव असतं.


न्यूजर्सीतला_बडोदेकर

एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या शिकलेल्या लोकांच्या नोकरीच्या व्हिसावाल्यांसाठी लिहितो, कारण माझ्या एमएस युनिव्हर्सिटीच्या बॅचमधले निम्मे लोक यातून गेलेत आणि फार थोड्यांना हे माहीत होतं.

कंपनी तुमच्यासाठी लेबर कंडिशन ॲप्लिकेशन भरते, त्याला एलसीए म्हणतात. त्यात पद, कामाची जागा आणि पगार लिहिलेला असतो. त्याची प्रत तुम्हाला कामावर रुजू व्हायच्या दिवसापर्यंत द्यायची, हे कंपनीवर बंधन आहे. कंपनीने एक पब्लिक ॲक्सेस फाइल ठेवायची, ती कुणीही मागून बघू शकतं. शिवाय अमेरिकेचं लेबर डिपार्टमेंट एलसीएची माहिती दर तिमाहीला आपल्या साइटवर टाकतं : कंपनी, पद, शहर, पगार. म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी किती पगार लिहून दिलाय ते बडोद्यात बसून बघता येतं. काम नाही म्हणून ‘बेंच’वर बसवलं तरी पगार चालू ठेवावा लागतो. पिटिशनची, म्हणजे व्हिसासाठी कंपनी करते त्या अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. तक्रारीचा फॉर्म डब्ल्यूएच-४, मुदत १२ महिने. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या पिटिशनवर १ लाख डॉलरची रक्कम लावली, तीही कंपनीनेच भरायची आहे. ‘त्यातला थोडा वाटा तू उचल’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

आणि दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर आपण फक्त आपल्यापुरतं बोलतोय असं होईल. २०१५ साली ऑरलँडोच्या डिस्नेत सुमारे २५० आयटीवाल्यांना काढलं आणि जाण्याआधी बदली आलेल्या लोकांना काम शिकवायला लावलं. ते बदली लोक बहुतेक आपलेच होते. इन्फोसिसने २०१३ साली बी-१, म्हणजे बिझनेस भेटीच्या व्हिसाच्या गैरवापराच्या आरोपावरून ३ कोटी ४० लाख डॉलर भरले, आरोप नाकारून. मग फेसबुकने २०२१मध्ये आणि ॲपलने २०२३मध्ये स्थानिकांना डावलल्याच्या प्रकरणात तडजोड केली. ग्रीन कार्डसाठी ठेवलेल्या जागांच्या जाहिराती नेहमीसारख्या साइटवर न देता अर्ज टपालाने मागवायचे, म्हणजे स्थानिक माणूस अर्जच करणार नाही. ॲपलची रक्कम अडीच कोटी डॉलर. या सगळ्यात तिथला कामगार आपल्यावर चिडतो आणि आपण त्याच्यावर. ज्या कंपनीने ही मांडणी केली ती दोघांच्याही नजरेआड राहते.


सावली_एचआर

मी सावलीच्या एका कारखान्यात एचआरला आहे. आमच्याकडे मशीन बसवायला बाहेरचे इंजिनिअर येतात, त्यामुळे परदेशी कामगार घेणाऱ्याच्या खुर्चीत मीही बसतो. त्यांना एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला १६.२५ लाखांच्या वर पगार दाखवावा लागतो, १८० दिवसांहून जास्तीच्या व्हिसावर असतील तर १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी. पासपोर्ट, व्हिसा, घरभाड्याचा करार, सगळं आमच्याकडे जमा होतं. त्यामुळे ‘कंपनीने कागदच मागू नयेत’ हे शक्य नाही.

पण मागणं वेगळं आणि साठवणं वेगळं. बहुतेक कारखान्यांत रिजेक्ट झालेल्या उमेदवारांची आधारं वर्षानुवर्षं शेअर्ड ड्राइव्हवर पडलेली असतात आणि पासवर्ड सगळ्या डिपार्टमेंटला माहीत असतो. जर्मनीत एच अँड एमच्या न्यूरेंबर्ग सेंटरमधले सुपरवायझर रजेवरून आलेल्या माणसाशी गप्पा मारून त्याचा आजार, घरातली भांडणं, धर्म, सगळं नोंदवून ठेवत होते. २०१९ साली एका सेटिंगच्या चुकीने ते काही तास सगळ्या कंपनीला दिसलं तेव्हा बिंग फुटलं. २०२०मध्ये ३ कोटी ५३ लाख युरोचा दंड झाला. ती बातमी मी आमच्या मॅनेजमेंटला दाखवली तेव्हा कुठे रिजेक्टेड फाइली पुसायला परवानगी मिळाली. आता ऑफर लेटर निघेपर्यंत आम्ही फक्त बायोडेटा घेतो. आधार, पॅन, बँक, सगळं ऑफरवर सही झाल्यानंतर. भरती कुठेही अडलेली नाही.


अलकापुरी_माधुरी

एचआरदादा, हे सगळ्या कारखान्यांनी का करू नये? खर्च तर काहीच नाही यात.


दांडियाबाजार_आजोबा

मुलांनो, तुम्ही सगळे कागदांवर बोलताय, योग्यच आहे. मी बडोद्यातल्या एका कागदाची आठवण देतो. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोदा सरकारशी करार केला. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. रक्कम, मुदत, अट, सगळं लेखी. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या गावात एका विद्यार्थ्याला जे लिहून मिळालं ते आज डिप्लोमाच्या मुलाला मिळत नाही.

पण पुढचंही विसरू नका. सप्टेंबर १९१७मध्ये ते कराराप्रमाणे नोकरीवर हजर झाले आणि गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. हाताखालचे लोक फाइली टेबलावर लांबून टाकत. शेवटी कमाठीबागेत झाडाखाली बसून त्यांना अश्रू आवरले नाहीत. नोकरी दरबाराने दिली होती, करार दरबाराचा होता. माणूस गावात राहील कुठे आणि सन्मानाने काम करील कसं, याची काळजी दरबारातल्या कुणी घेतली नाही. महाराजांबद्दल मला अपार आदर आहे, तरी हे लिहिलंच पाहिजे. बाहेरून माणूस बोलावणाऱ्याची जबाबदारी पगाराच्या आकड्याशी संपत नाही. न्यूजर्सीच्या चिरंजीवांनी लिहिलेला तो २४ माणसांचा ट्रेलर वाचून मला हेच आठवलं.


नंदेसरी_युनियन

आजोबा, नमस्कार. हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.


फतेहगंज_सायबर

थोडं व्यवहाराचं. आधार द्यायचंच तर मास्क्ड आधार द्या, यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं, शेवटचे चारच आकडे दिसतात. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. झेरॉक्सवर आडवं लिहा : ‘फक्त अमुक कंपनीच्या अमुक पदासाठी’, तारीख, सही, आणि अक्षरं फोटोवरून आणि नंबरवरून जाऊ द्या. ईमेलचा पासवर्ड दिला असेल तर आज, आत्ता बदला, दुसरं व्हेरिफिकेशन लावा, रिकव्हरी नंबर कुणाचा आहे तो तपासा. एजंट आपला नंबर टाकून ठेवतात आणि मग व्हिसाचे सगळे मेल त्यांच्याकडे जातात. कर्जाच्या ॲपचे फोन येत असतील तर सिबिल रिपोर्ट काढून तुमच्या नावावर कुणी कर्ज घेतलंय का ते बघा. काही दिसलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार.

आणि झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह किंवा व्हॉट्सॲप वेबवरून प्रिंट काढता तेव्हा फाइल त्या कॉम्प्युटरवर राहते. परवाच स्टेशनजवळच्या एका दुकानात बघितलं, डाउनलोड फोल्डरमध्ये पासपोर्टच पासपोर्ट, फाइलच्या नावात माणसाचं पूर्ण नाव. समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही.

थायलंडला ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून असे कागद मागत असतील तर दुप्पट सावध. मार्च २०२५मध्ये वायुदलाच्या विमानांनी म्यानमारच्या सीमेवरून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणलं, ते सगळे अशाच नोकऱ्यांच्या नावाखाली फसवून नेलेले होते.


तरसाली_७

हे सायबरवाल्यांचं उपयोगी आहे, माझ्या पुतण्याला पाठवलं. एक विचारायचं होतं : एजंट म्हणाला की कागद परत मागितले तर नाव ब्लॅकलिस्ट होतं, कुठल्याच कंपनीत लागत नाही. खरं आहे का?


रावपुरा_वकील

खोटं आहे. असं ब्लॅकलिस्ट करायचा एजंटाला कुठलाही अधिकार नाही. उलट, असं तो व्हॉट्सॲपवर म्हणाला असेल तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, पासपोर्ट अडकवण्यासाठी दिलेली धमकी म्हणून तो पुरावा आहे.

प्रतापनगरकर ताई, पत्राचा मसुदा देते, भाच्याच्या सहीने जाऊ दे :

‘मी आपणास पुढील कागदपत्रं दिली आहेत (यादी). ती मी फक्त अमुक कंपनीतील पाइप फिटर पदाच्या अर्जासाठी दिली होती. इतर कोणत्याही कारणासाठी वापरण्यास माझी संमती नव्हती व नाही. माझा मूळ पासपोर्ट हे पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत पावतीसह परत करावा. माझी माहिती आपण कोणकोणत्या व्यक्तींना व ग्रुपवर पाठवली त्यांची नावं व तारखा लेखी कळवाव्यात, ती तिथून काढून टाकावी आणि तसं केल्याचं लिहून द्यावं. आपला रिक्रूटिंग एजंट नोंदणी क्रमांक, कंपनीचं डिमांड लेटर आणि माझ्या नोकरीच्या कराराची प्रत द्यावी. या पत्राची प्रत सदर कंपनीच्या मुख्य कार्यालयास पाठवत आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. कंपनीच्या साइटवर कंप्लायन्सचा किंवा तक्रारीचा ईमेल असतो, तिथे इंग्रजीत प्रत टाका. भोक असलं तरी कंपनीला लेखी कळवलेलं असणं पुढे उपयोगी पडतं. ‘आम्हाला काही माहीत नव्हतं’ हे तिला त्यानंतर म्हणता येत नाही.


प्रतापनगरकर

वकीलताई, फोरमनकाका, सगळ्यांचे आभार. पत्र उद्या टाइप करून घेते. ग्रुपमधल्या बाकीच्या पोरांपैकी ज्यांचे नंबर दिसतात त्यांना भाचा स्वतः फोन करतोय. दोघे हरणीचे निघाले, त्यांनाही पत्र हवंय. पत्र गुजरातीत द्यावं की मराठीत?


शटडाऊन_फोरमन

गुजरातीत द्या, एजंट आणि पोलीस दोघेही लगेच वाचतील. तिन्ही पोरांनी एकत्र जाऊन हातोहात द्यायचं, आपल्या प्रतीवर त्याचा शिक्का आणि तारीख घ्यायची. घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मागून. आणि यादीत डिप्लोमाचं ओरिजिनल सर्टिफिकेट दिलंय का ते भाच्याला विचारा. पासपोर्टच्या गडबडीत पोरं ते विसरतात, आणि डुप्लिकेट काढायला पुन्हा खेपा घालाव्या लागतात. पासपोर्ट तीन दिवसांत आला नाही तर ई-मायग्रेटवर तक्रार टाका आणि मुंबईच्या प्रोटेक्टरला त्याची प्रत पाठवा. आपल्याला जवळचं ऑफिस तेच.